कासराभर दिवस

मागच्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला मी आमच्या हरभऱ्यात ट्रायपॉड लावून उभा होतो, थंडी अशी की बोट बटणावर आहे का नाही तेच कळत नव्हतं, आणि मागून नानांचा आवाज आला, "आरं आंब लागंल की पँटीला, इरून जाईल कापड."

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. मराठवाड्यातल्या कळंब तालुक्यात, मांजरा नदीपासून फार लांब नाही असं आमचं गाव, आणि बालाघाटाच्या अंगाला आमचं रान. नानांनी त्या रानात पंचाहत्तर वर्षं काढलीत.

आंब म्हणजे काय हे ज्यांच्या घरी हरभरा पेरला जात नाही त्यांना सांगायला पाहिजे. हरभऱ्याच्या पानावर, घाट्यावर म्हणजे दाण्याच्या शेंगेवर, देठावर अगदी बारीक केस असतात आणि त्या केसांच्या टोकातून आंबट पाणी सुटतं, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड असतं. रात्रीच्या दवात ते मिसळतं आणि पहाटे अख्खं रान आंबट होऊन बसलेलं असतं. माझी आजी थंडीत रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरून यायची, पहाटे ते फडकं ओलं गच्च झालेलं असायचं, ते पितळीत पिळायची आणि काचेच्या बाटलीत भरून ठेवायची. कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब. मी ती कित्येकदा प्यायलोय, तोंड वाकडं करून, पण ती दिसते कशी हे मी चाळिशीला आल्यावर बघितलं. त्या दिवशी गुडघे टेकून लेन्स जेवढी जवळ जाईल तेवढी नेली, माझ्याकडं बारीक वस्तू जवळून टिपायची मॅक्रो लेन्स नाही, साधी १८-५५ आहे, तरी दिसलं. थेंब पानावर सांडलेले नव्हते. प्रत्येक केसाच्या टोकाला एक एक थेंब धरलेला होता, टाचणीच्या डोक्यापेक्षा बारीक, आणि एका घाट्यावर असे शेकडो. दिवस उगवायचा होता त्यामुळं ते सगळे अजून राखाडी होते.

मी फोटो काढायला लागलो तर नाना म्हणाले, "थांब जरा. दिवस कासराभर वर येऊ दे, मंग बघ."

कासराभर दिवस. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. बैल हाकायची जी दोरी असते ती कासरा, आणि उगवतीला जमिनीपासून दिवस तेवढा वर चढलेला दिसला की कासराभर दिवस आला म्हणायचं. औत धरायची वेळ सांगायला, भाकर कधी आणायची ते सांगायला, कुणी कधी गावातनं निघालं ते सांगायला. आणि मी पुण्यात १० वर्षं फोटोग्राफीचे व्हिडिओ बघून, वर्कशॉप करून जी गोष्ट शिकलो, गोल्डन अवर गोल्डन अवर म्हणून जिच्या मागं पहाटे तीनला उठून गाड्या काढल्या, ती हीच वेळ आहे हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा जुळलं. दिवस खाली असतो तेव्हा उजेड जास्त हवेतून वाट काढत येतो, त्यातला निळा भाग वाटेतच विखरून जातो आणि पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो, सावल्या लांब पडतात. एवढंच त्यामागचं शास्त्र. पण आमच्याकडचा शब्द त्या इंग्रजी शब्दापेक्षा खरा आहे, असं मी विचार करून म्हणतो. कारण आपल्याकडं तो काही तासभर टिकत नाही. दिवस क्षितिजापासून साधारण सहा अंश वर जाईपर्यंत तो उजेड राहतो. युरोपात हिवाळ्यात सूर्य तिरका तिरका चढतो म्हणून तिथं याला पाऊण तास सहज लागतो, लंडनसारख्या ठिकाणी त्याहूनही जास्त. आपण विषुववृत्ताच्या जवळ, आपला दिवस जवळजवळ सरळ वर चढतो, २५ ते ३० मिनिटांत खेळ संपला. तास म्हणून धरून बसलात तर अर्ध्याच्या वर वेळ पांढऱ्या उजेडात जातो. कासऱ्याचं माप आपल्याच आभाळाखाली ठरलेलं आहे.

संध्याकाळचंही तसंच. दिवस बुडाल्यावर वीसेक मिनिटं सगळं निळसर होतं, घरातले दिवे आणि बाहेरचा उजेड सारखा होतो, त्याला फोटोवाले ब्लू अवर म्हणतात. आमच्याकडं म्हणतात, कडुसं पडलं. आई म्हणायची, कडुसं पडायच्या आत घरी ये. मी त्या वेळेचे फोटो काढायला कुठं कुठं गेलो आणि तिनं ती वेळ रोज उंबऱ्यात उभं राहून बघितली.

तर असो, थेंबांचं सांगत होतो. दिवस वर आला तसा आधी एकच थेंब पेटला, कडेच्या एका घाट्यावरचा, नारंगी. मग त्याच्या शेजारचे, मग ती अख्खी ओळ, आणि मी शटर दाबेपर्यंत बांधापासून विहिरीपर्यंत सगळा हरभरा बारीक बारीक उजेडानं भरून गेला होता. एका थेंबात आमची बाभळ उलटी दिसत होती. फोटो झाल्यावर नानांनी एक पान तोडलं आणि माझ्यासमोर धरलं, मी चाटलं. तीच चव.

मी २०१२ ला पहिला कॅमेरा घेतला, नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. पुण्यात आमचा एक ग्रुप होता, शनिवार-रविवार आला की निघायचं, माळशेज, कोकणकडा, सप्टेंबर आला की कास. त्या जागा सुंदर आहेतच, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कोकणकड्यावर ढग खालून वर येताना बघितलेत त्याला आयुष्यभर पुरतं. पण तिथं रात्री शेकोटीला बसल्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, तुमच्या मराठवाड्यात काय आहे रे फोटो काढण्यासारखं, आणि मी सांगायचो, वेरूळ-अजिंठा आहे, दौलताबाद आहे, आणि गप्प बसायचो. मला खरंच दुसरं काही आठवायचं नाही. माझ्या डोक्यात निसर्ग म्हणजे पाणी पडतंय ते ठिकाण, हिरवं आहे ते ठिकाण. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडं ७०० झाला तरी लोक देवाला नारळ फोडतात. सह्याद्रीनं ढग अडवले की उरलेलं आमच्या वाट्याला. मग आमच्याकडं कसला निसर्ग, असं मी धरूनच चाललो होतो. गावाला जायचो ते सणाला, लग्नाला, कॅमेरा पुण्यातच ठेवून.

एकदाच नेला. एप्रिल २०१६ ला.

ते वर्ष आमच्याकडं कुणी विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला १० डबे, ५ लाख लिटर. सगळ्या देशातले फोटोवाले लातूरला होते. मीही दोन दिवसांची सुट्टी टाकून आलो आणि नानांना मोटरसायकलवर बसवून धरणाच्या तळाला घेऊन गेलो. भर दुपारची वेळ, भेगाळलेला गाळ नजर जाईल तिथवर. मी नानांना सांगितलं, नाना तिथं बसा. हात कपाळाला लावा. वर बघा. नानांनी पुतण्या सांगतोय म्हणून केलं. फोटो चांगला निघाला, पुढं एका स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं, मी तो घरी आल्यावर मोठ्या कौतुकानं नानांना दाखवला.

नानांनी बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "मी असा कवा बसतो का रं?"

दुसरं काही बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. आणि खरंच होतं ते. त्या उन्हाळ्यात नाना एक दिवस कपाळाला हात लावून बसले नव्हते. टँकर कधी येतो त्याचा हिशेब ठेवत होते, जनावरांना छावणीत नेत होते, दोन्ही आंब्यांना घागरीनं पाणी घालून ते जगवत होते. आंबे अजून आहेत. त्या आंब्यांचा फोटो मी काढला नव्हता.

अजून एक गोष्ट मला नंतर खूप लागली. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. सहा महिन्यांत कोरड्या गाळाचं काठोकाठ पाणी झालं. नानांनी मला फोन केला होता, धरण भरलंय ये बघायला, लोक ट्रॅक्टर भरून जायलेत. मी गेलो नाही, ऑफिसात रिलीज होतं. आणि एप्रिलमध्ये जेवढे कॅमेरे तिथं होते त्यातले किती परत आले असतील मला माहीत नाही, मला तरी ते फोटो कुठं दिसले नाहीत. त्यामुळं देशाच्या मनात आमचं धरण कोरडंच राहिलं. त्यात माझ्या फोटोचाही वाटा आहे.

मग २०२० चा लॉकडाऊन आला आणि घरून काम म्हणून मी गावी आलो तो दीड वर्ष राहिलो. कॅमेरा सोबत होता, जायला जागा कुठली नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ नानांच्या मागं रानात जायचं एवढंच. जे काय शिकलो ते तिथं.

पहिली गोष्ट भेगांची. मे महिन्यात आमच्या काळ्या रानाला भेगा पडल्या, मला वाटलं आलं परत दुष्काळ. नाना तर खुश. त्यांनी एक तुराटी घेतली आणि भेगेत सोडली, हातभर आत गेली तरी टेकली नाही. म्हणाले, "भेगा पडल्याच पायजेत. रान तापलं, उललं की मिरगाचं पाणी खोल जातं." मी नंतर वाचलं, आमच्या काळ्या मातीत जी चिकण असते ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून भेगा. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, पाऊस आला की आतून फुगून वर येते, म्हणजे माती आपली आपणच खालीवर होत असते. हजारो वर्षं हे चाललंय. धरणाच्या तळाच्या गाळाला पडलेल्या भेगा वेगळ्या, त्या पाणी गेल्याच्या खुणा. रानातल्या भेगा म्हणजे रानाचा उन्हाळ्यातला श्वास. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि आपण दोन्हीखाली एकच ओळ लिहितो. मी त्या दिवशी पालथा पडून एका भेगेत बघितलं, तोंडाला गार हवा लागली, बाहेर ४२ डिग्री असताना. आत वीतभर खाली एक बारीकशी बेडकी बसली होती, मातीच्याच रंगाची, तिचा गळा तेवढा हलत होता. तो फोटो नीट आला नाही, उजेड पुरला नाही. पण भेग म्हटलं की आता मला ती आठवते.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. माझ्या फोटोत आमचं रान सुरुवातीला राखेसारखं यायचं, करडं, मेलेलं. कारण कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं जे असतं ते समोरचं सगळं सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतं. त्याला काळं दाखवा, ते म्हणतं इथं उजेड कमी आहे, आणि वाढवून त्याचं करडं करून टाकतं. बर्फाचंही ते असंच करडं करतं, फक्त उलट्या बाजूनं. म्हणजे आपण स्वतः त्याला सांगावं लागतं की थांब, हे काळंच आहे, एक स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड निम्मा कर. एवढी साधी गोष्ट मला आठ वर्षं लागली, कारण मी आठ वर्षं काळ्या मातीसमोर कॅमेरा धरलाच नव्हता. एक स्टॉप खाली घेतला आणि ओल्या रानाचा तो खरा रंग आला, जांभळट काळा, नुकत्याच फाळ लागलेल्या ढेकळाच्या कडेला तेलासारखी चमक असते ना तो. नानांना दाखवला तर म्हणाले, "हां. हे आपलं रान."

तिसरी म्हणजे सपाटीची. सह्याद्रीत फ्रेम आपोआप भरते, कुठंही बघा कडा आहे, दरी आहे. आमचा माळ दुपारी बघितला तर ताट उपडं ठेवल्यासारखा. पण त्यात उंच-सखल नाही असं नाही, ते बोटभर, हातभर आहे, आणि ते दिसायला उजेड आडवा लागतो. कासराभर दिवस असताना तिफणीच्या काकऱ्यांची एक एक रेघ उठून दिसते, बांध दिसतात, पाणी कुठून वाहून गेलं ती वाट दिसते, ढोरांच्या खुरांचे खड्डेसुद्धा दिसतात. दुपारी बाराला त्याच जागी उभे राहिलात तर काही नाही. म्हणून आमच्या भागातनं हायवेनं जाणारा माणूस म्हणतो, इथं काही नाही. तो दुपारी जातो.

आणि आभाळ. एवढं आभाळ मला दुसरीकडं कुठं मिळालेलं नाही. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग चढतात ते फुलकोबीच्या गड्ड्यासारखे, सगळे कोपरे स्पष्ट, आणि एकही डोंगर आड येत नाही, बुडापासून शेंड्यापर्यंत अख्खा ढग दिसतो. २०२० च्या मे मधली एक संध्याकाळ. उगवतीकडं काळंनिळं झालेलं, वारं पडलेलं, चिटपाखरू नाही. मला वाटलं पाऊस आलाच, मी कॅमेरा बॅगेत टाकायला लागलो. नाना गोठ्यापाशी कडबा झाकत होते, तिथनं ओरडले, "आता कामून ठेवायलास? मावळतीला बघ की, फट राहिलीय." मावळतीला ढगाखाली खरंच चार बोटं फट होती. दिवस त्या फटीत उतरला आणि खालून सगळ्या माळावर उजेड सांडला, माझ्यासमोर जोंधळ्याची धसकटं सोन्याची, त्यामागं लिंब असा उजळलेला की एक एक डहाळी मोजावी, आणि त्यामागं ते काळंनिळं आभाळ. दोन मिनिटंसुद्धा नसेल. मग धुळीची एक भिंत आली, पाठोपाठ टपोरे थेंब, आणि तो वास. नानांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही पण फट राहिलीय हे त्यांना कडबा झाकता झाकता कळलं. मी तर ज्या बाजूला पाठ करून उभा होतो तिकडं बघितलंच नव्हतं. पुढं मी एक सवय लावून घेतली, फोटो काढून झाला की एकदा मागं वळून बघायचं.

नाव माहीत नसेल तर वस्तू दिसत नाही असं मला वाटायला लागलंय. मी आधी "झाडी" म्हणायचो. आता त्यात मला हिवर दिसतो, बाभळ दिसते, तरवड पिवळा झालेला दिसतो, बोर, आपटा. गवत म्हणजे नुसतं गवत नाही, कुसळी तांबूस होते आणि वाऱ्यानं तिच्यावरून लाट जाते, पवन्या वेगळा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर एक-दोन दिवस ते मखमली लाल किडे जमिनीवर फिरतात, लहानपणी आम्ही काड्याच्या पेटीत धरायचो, ते मी काळ्या ढेकळावर काढलेत, त्या लालपणाला फोटोत काही करावं लागत नाही. शिवरात्रीच्या अलीकडं-पलीकडं रामलिंगच्या घाटात येडशीला पळस फुलतो, पान एक नसतं आणि झाड पेटलेलं असतं. करडई फुलली की आधी पिवळी असते आणि सुकत सुकत केशरी होत जाते, एकाच रानात दोन्ही रंग, फक्त आत शिरताना काट्यांची तयारी पाहिजे. पाटोद्याकडं सौताडा आहे, विंचरणा नदी डोंगराच्या कड्यावरून सरळ खाली रामेश्वराच्या देवळाशी उडी घेते, पावसाळ्यात तिथं आता गर्दी असते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला बांध घालून त्यातच महाल बांधलाय, पाणी भरपूर असलं की नर आणि मादी असे दोन धबधबे त्या बांधावरून पडतात. आणि पैठणचा नाथसागर, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं पाणी, थंडीत तिथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, येतात. ही सगळी मराठवाड्यातलीच ठिकाणं, मी कोकणकड्यावर शेकोटीला गप्प बसायचो तेव्हाही होतीच.

अजिंठ्याचंही मला आता वेगळं वाटतं. अजिंठा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आतली चित्रं येतात, ती यायलाच पाहिजेत. पण पावसाळ्यात समोरच्या टेकडीवरून बघा, वाघोरा नदीनं घोड्याच्या नालेसारखा वळसा घेतलाय, त्या वळशाच्या कड्यात एका ओळीत लेणी, वर हिरवं, खाली पाणी. ज्यांनी ती जागा निवडली त्यांना आधी ती दरी आवडली असेल असं मला तिथं उभं राहून वाटतं. आणि तो कडा ज्या दगडाचा आहे तोच काळा बसाल्ट नानांच्या बांधात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकावर एक थर साचले, म्हणून आमचे डोंगर वरून सपाट आणि कडेला पायऱ्या-पायऱ्यांचे. भूगर्भवाले याला ट्रॅप म्हणतात तो मूळ स्वीडिश शब्द, त्याचा अर्थच पायरी. तोच दगड झिजून झिजून आमची काळी माती झाली. नानांना हे सांगितलं तर त्यांनी बांधावरचा एक धोंडा उचलून हातात फिरवला, परत होता तिथंच नीट ठेवला.

आता बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या आल्यात, ओळीनं. काही जण फोटोतून त्या पुसून टाकतात, आता फोनमध्ये एका बोटानं पुसता येतं. मी पुसत नाही. एकदा धरणाच्या तळाला खोटं करून झालंय, परत नको. ऊसही वाढलाय, जिथं शाळू डुलायचा तिथं ऊस, फोटोत तो हिरवागार दिसतो पण त्या हिरव्यासाठी किती पाणी उपसलं जातंय ते फोटोत येत नाही, आणि शाळूच्या कणसावर सकाळचा उजेड जसा बसतो तसा उसाच्या पाल्यावर बसत नाही, हे माझं मत. शाळूचं रान अजून आहे तोवर दर वर्षी त्याच बांधावर, त्याच दगडावर उभं राहून मी एक फोटो काढतो. पाच झालेत.

ऊस म्हटल्यावर हे सांगायचंच होतं. आमच्या भागातली कितीतरी माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, उचल घेतलेली असते, मुकादम ट्रक लावतो, नवराबायको आणि मागं बारकी लेकरं, ती पाडव्याच्या आसपास परत येतात. म्हणजे बघा, पाऊस सरल्यापासून शिवरात्रीपर्यंतचा जो काळ, आमचं रान वर्षात सगळ्यात सुंदर असतं तो, हरभरा, करडई, शाळू, धुकं, हुरडा, त्या काळात ज्यांनी ते रान पेरलं त्यातली कितीतरी माणसं तिथं नसतातच. हे मला लॉकडाऊनच्या पुढच्या थंडीत लक्षात आलं, अर्ध्या गल्लीला कुलूप. आमच्या शेजारच्या वहिनीही गेल्या होत्या. त्यांच्याकडं नवीन फोन होता, त्यांनी माझ्या स्टेटसला आमच्या धुक्याचा फोटो बघितला आणि व्हॉइस मेसेज पाठवला, भाऊजी आमच्या तुकड्याचा पण काढा की एखांदा. तेव्हापासून मी दर थंडीत पाच-सात दिवस सुट्टी टाकून गावी येतो आणि जे गावात नाहीत त्यांच्या त्यांच्या रानाचे फोटो काढून ज्याला त्याला पाठवतो. कुणाला विहीर पाहिजे असते, कुणाला म्हातारीसोबत दार. स्पर्धेला मी आता काही पाठवत नाही.

या वेळीही वहिनी येळवशीला नव्हत्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव रानात असतं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच पांडव मांडायचे, पुजा करायची, भज्जी, उंडे, आंबिल, आणि ओलगे ओलगे सालम पलगे म्हणत पिकात आंबिल शिंपडायची. वहिनींच्या दिरानं त्यांच्या तुकड्यात कोप केली होती, मी तिचा फोटो काढला, मागं शाळू, बाजूला त्यांची बोर. तिकडून त्यांचा फोटो आला, त्याही कोपीपुढं बसलेल्या, उसाच्या फडातल्या, पाचटाची. दोन्हीला एकच शब्द आहे. पाठोपाठ मेसेज, आजूबाजूला ट्रॅक्टरचा आवाज, "भाऊजी, बोरीला बोरं लागलीत का औंदा? फोटूत दिसंनात."

मी फोटो मोठा करून बघितला, खरंच दिसत नव्हतं, मी सगळा उजेड कोपीवर धरला होता आणि बोर सावलीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. नाना सोबत आले, त्यांनी आकडी आणली होती. बोरीला बोरं लागलेली होती, भरपूर, काही हिरवी, काही एका गालाला तांबूस झालेली. नानांनी आकडीनं एक फांदी खाली ओढून उन्हात धरली आणि म्हणाले, "हं, आता काढ." दिवस कासराभर वर आला होता.